हूं की चूं

कासं ओतायची मूस धरायला दुसरा माणूस नाही, ही बातमी थोरल्यानं रविवारी सकाळी चहाच्या वेळेला दिली, आणि आजोबांनी तोंडाशी नेलेला कप पुन्हा बशीत ठेवला.

"नाही म्हणजे?"

"पाठ धरलीय त्याची. कालपासून अंथरुणातून उठता येत नाही. बारा वर्षं आम्ही दोघं मूस धरतोय, बाबा. आता ऐन वेळी नवखा गडी उभा करायचा आणि ऐंशी किलो वितळलेलं कासं त्याच्या हातात द्यायचं..."

"मग पुढं ढकल."

"पुतळ्याचा साचा तापवून खड्ड्यात पुरलाय. ओल धरली तर उडेल सगळं. आज ओतायलाच हवं."

आजी ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. "मला दोन मुलगे आहेत," ती म्हणाली. "एक पुढून धरत असेल, तर दुसऱ्यानं मागून धरायला काय हरकत आहे?"

धाकटा एकोणिसाव्या वर्षी ओतकाम सोडून उठला, त्याला आता वीस वर्षं झाली होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहून तो बेकरीची गाडी चालवायचा. ओतकामाच्या दिवशी सगळ्या घरानं हजर राहायचं, ही घराची जुनी शिस्त. ती तो पाळायचा, पण फाटकाशी आपल्या गाडीला टेकून. कारखान्याच्या आत त्यानं पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. त्याचं कारण त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत उमटलेलं होतं, आणि त्या विषयावर बापलेकांत एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

थोरल्यानं फोन लावला. सगळी हकिकत सांगितली. पलीकडून प्रश्न आला, तो टेबलाभोवती सगळ्यांनाच ऐकू गेला. "बाबांनी विचारलंय का?"

थोरल्यानं आजोबांकडे पाहिलं. आजोबा कपाचा कान चाचपत बसले होते.

"मी विचारतोय," थोरला म्हणाला.

"मग आत येतो."

आजोबांनी चहा संपवला. गार झाला होता. "दुपारपर्यंत भट्टी लागेल," ते कुणाकडेही न बघता म्हणाले आणि नातींना घेऊन साच्यांच्या खोलीकडे निघाले.

ती खोली म्हणजे आजोबांची रविवारची शाळा. कारखान्याच्या मागच्या अंगाला, उंच खिडकीची, पांढऱ्या धुळीनं माखलेली. पन्नास वर्षांत घरानं जेवढे पुतळे ओतले, त्या सगळ्यांची प्लास्टरची डोकी तिथं फळ्यांवर ओळीनं मांडलेली होती. बर्फात गलबत अडकलेलं असताना एकूण एक खलाशी जिवंत परत आणणारा कप्तान. तुरुंगात केस पांढरे करून बाहेर आलेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सभेत उभी राहिलेली बाई. नाक फुटलेला एक सेनापती. त्याचं नाक लढाईत नव्हे, वकीलीणबाईच्या चेंडूनं फुटलं होतं.

"ही सगळी मंडळी तुमच्या ओळखीची पाहिजेत," आजोबा नेहमी सांगायचे. "उद्या चौकात समोर आली, तर निदान मान हलवता आली पाहिजे."

वकीलीणबाई म्हणजे थोरल्याची लेक, वय वर्षं दहा. बोलायला लागल्यापासून तिनं कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य केली नव्हती. खारू धाकट्याची, आठ वर्षांची. जन्मल्यापासून एका जागी न बसल्यामुळे पडलेलं नाव. शुक्रवारी संध्याकाळी ती राहायला आली होती, आणि आल्याआल्या दोघींची पैज लागली होती.

पैजेचा खेळ आजोबांचाच. खेळाचं नाव 'हूं-चूं'. सुरुवात झाली ती मुठीत बर्फाचा खडा धरण्यापासून. ज्याच्या तोंडून आधी आवाज निघेल तो हरला. मग खेळ वाढत गेला. शूर माणसं कशी असतात, तर दुखलं-खुपलं तरी हूं की चूं न करणारी, हा आजोबांच्या प्रत्येक गोष्टीचा शेवट असल्यामुळे खेळाला नियम वेगळे शिकवावे लागले नाहीत. या खेपेची पैज मोठी होती. शुक्रवार संध्याकाळपासून ओतकाम संपेपर्यंत जिच्या तोंडून 'आई गं' निघणार नाही, तिनं साचा फोडायचा पहिला घाव घालायचा. हा मान आजवर फक्त आजोबांचा. वकीलीणबाईचं बोट शनिवारी दारात चेमटलं आणि तिचा निकाल लागला. खारू अजून टिकून होती.

"तर आज ओतायची ती नावाडीण," आजोबांनी सुरुवात केली. मधल्या बाकावर तिचं डोकं होतं. रुंद कपाळ, घट्ट मिटलेले ओठ. "पूर आलेला. दोन दिवस, दोन रात्री एकटी वल्ही मारत होती. छपरांवरून, झाडांवरून माणसं उतरवून आणत होती. तळहाताची सालडी निघाली, तरी तोंडातून आवाज नाही."

"आवाज नाही केला, तर झाडावरच्या लोकांना कळलं कसं, नाव आलीय ते?" वकीलीणबाईनं विचारलं.

"दिसली असेल."

"रात्री?"

"तू जरा गप्प बस," आजोबा हसून म्हणाले. मग खारूकडे वळले. एरवी ती एव्हाना फळीवर चढून कप्तानाच्या टकलावर बसलेली असायची. आज खोक्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. केवढी शांत झाली पोर, त्यांच्या मनात आलं. मोठी झाली.

"आजोबा," खारू म्हणाली, "तो डॉक्टर होता ना, बर्फात, ज्यानं स्वतःचं पोट स्वतः कापलं... त्याला आधी कुठं दुखत होतं? उजवीकडे की डावीकडे?"

"उजवीकडे. खाली."

खारूनं मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाली.

आजोबांना तो प्रश्न फार आवडला. बारकाईनं ऐकते, ते स्वतःशी म्हणाले. पुढं कित्येक दिवस त्यांना तो 'बरं' झोपू देणार नव्हता, पण त्या सकाळी त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि भट्टी बघायला गेले.

दुपारी धाकटा आला. फाटकाशी एक क्षण थबकला, मग आत शिरला. आजोबांनी त्याच्यासाठी चामड्याचा अंगरखा आणि हातमोजे खुंटीवरून काढून ठेवले होते. ते त्यांनी बाकावर ठेवले, हातात दिले नाहीत. धाकट्यानं उचलले. उजवा मोजा चढवताना बाही वर सरकली आणि दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली.

धाकटी सून, खारूची आई, औषधांच्या दुकानातली पाळी संपवून परस्पर आली होती. आल्याआल्या तिनं खारूच्या कपाळाला हात लावला. "अंग कोमट लागतंय गं."

"उन्हात खेळले," खारू म्हणाली.

"काल रात्रीही नीट जेवली नाही," आजी म्हणाली. "म्हणे बिस्किटं खाल्ली."

"इथं भट्टीशी सगळ्यांचंच अंग तापतं," थोरली सून हसत म्हणाली, आणि बायका पोरींना घेऊन जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या मागं, पायऱ्यांवर जाऊन उभ्या राहिल्या.

ओतकाम बघायला गंमत वाटते, पण करणाऱ्याला ते श्वास रोखून पुलावरून धावण्यासारखं असतं. साचा खड्ड्यात उलटा पुरलेला. डोकं तळाशी, कंबर वर. मुशीच्या कड्याला दोन्ही बाजूंनी लांब दांडे. पुढं थोरला, मागं धाकटा. साच्याच्या तोंडाशी धार लागली की ती तुटता कामा नये. तुटली की आतलं कासं थिजतं, आणि मागून ओतलेलं त्याला धरत नाही. आठ महिन्यांचं काम चार मिनिटांत होतं किंवा जातं. आजोबा खड्ड्याच्या काठावर उभे राहून हात वर-खाली करत इशारे देणार. पन्नास वर्षं त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावरच धार चालली होती.

"उचला."

मूस वर आली. पिवळीजर्द, बघवणार नाही अशी. दोघा भावांची पावलं पहिल्या दोन पावलांत अडखळली, तिसऱ्यापासून जुळली. वीस वर्षं झाली, तरी पोराचे पाय काही विसरले नव्हते.

धार लागली. आजोबांचा हात हळूहळू खाली येत होता. साच्यातून गुडगुड ऐकू येत होती. डोकं भरलं असेल. आता गळा. आता खांदे. त्यांनी क्षणभर नजर उचलली, नातींकडे पाहिलं. वकीलीणबाई कानांवर हात ठेवून उभी होती. खारू तिच्या शेजारी, ताठ, पांढरीफटक, खालचा ओठ दातांत. वाघीण आहे, आजोबांच्या मनात आलं. आणि मग त्यांना तिच्या हनुवटीवरून ओघळलेलं रक्त दिसलं. ओठ चावून चावून फुटला होता.

ती पडली तेव्हा आवाज झालाच नाही. कपड्याची घडी सुटून खाली पडावी तशी पायरीवर घसरली. किंचाळली ती वकीलीणबाई.

धाकट्यानं मान वळवली. दांडा त्याच्या हातात थरथरला, धार हलली. पण त्यानं सोडलं नाही. सोडायचं नसतं. हे त्याला ज्यानं शिकवलं होतं तो समोरच उभा होता.

"ठेव खाली," आजोबा म्हणाले.

धाकट्याला ऐकू गेलं, पण कळलं नाही. तो बापाच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला.

"बाबा, निम्माच भरलाय!" थोरला ओरडला.

"ठेवा खाली म्हणतो ना! दोघंही! जा, पोरीला बघ!"

मूस वाळूवर टेकली. धाकटा मोजे फेकत धावला. साच्याच्या तोंडाशी राहिलेलं कासं आधी लाल, मग काळं पडत गेलं. त्याच्याकडे थोरल्याशिवाय कुणी पाहिलं नाही, आणि त्यानंही एकदाच पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला मात्र, आणि दोन मिनिटांत खारूला आत नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. "हिला निदान दोन दिवस तरी दुखत असणार," त्या जाताजाता म्हणाल्या. "बोलली कशी नाही?"

दार बंद झालं. हिरव्या भिंतींच्या त्या बोळात प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग होती. सगळं घर त्या रांगेत बसलं. थोरल्याच्या बुटांना अजून वाळू चिकटलेली होती.

"दोन दिवस," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "दोन दिवस घरात चार मोठी माणसं होती ना?"

"अगं, मी विचारलं तिला," आजी म्हणाली. "पोट दुखतंय का म्हणून दोनदा विचारलं. नाही म्हणाली."

"ती खोटं बोलत नाही."

"खेळ होता," वकीलीणबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच तिला शब्द सापडत नव्हते. मग एकदम सगळं बाहेर पडलं. शुक्रवारी रात्रीपासूनच खारूला दुखत होतं. ती संडासात जाऊन उशी तोंडावर धरायची. कुणाला सांगायचं नाही, म्हणून तिनं वकीलीणबाईकडून शपथ घेतली होती. "मी म्हटलं तिला, आपण खेळ थांबवू. ती म्हणाली, थांबवला तर तू हरलेली म्हणून म्हणतेस. ती म्हणाली, तो डॉक्टर तर स्वतःचं पोट स्वतः कापत होता, मला तर नुसतं दुखतंय." आणि तिनं थोरलीच्या कुशीत तोंड लपवलं.

धाकटा उठला. बापासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, त्यामुळेच तो ऐकवत नव्हता.

"शाब्बास, बाबा. आणखी एक पुतळा ओतलात."

"ए," थोरला उठला. "ही वेळ आहे का?"

"मग कधी आहे वेळ? वीस वर्षं वेळ आली नाही. दादा, तू तिथं होतास तेव्हा. पुढचा दांडा तुझ्याच हातात होता."

थोरला पुन्हा खाली बसला. "होतो," तो म्हणाला. "मीही थांबलो नाही."

आता कोण कुणाच्या बाजूनं आहे, हेच कळेनासं झालं. थोरली दिराला समजवायला गेली. धाकटी म्हणाली, "बोलू द्या त्यांना, वहिनी." मग तीच नवऱ्याला म्हणाली, "पण मीही कपाळाला हात लावला आणि सोडून दिलं. औषधं विकते मी रोज. मलाही कळलं नाही. सगळं एकट्या बाबांच्या डोक्यावर थापू नका."

"तूही त्यांचीच बाजू घे!"

"बाजू कसली? पोरगी आत आहे माझी."

आजीनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो," ती म्हणाली, "बोला. तुमच्यावाचून हे सुटायचं नाही."

आजोबा जमिनीकडे बघत होते. फरशीच्या एका तड्यावर त्यांची नजर खिळली होती.

"तुला भाजलं ते मला दिसलं होतं," ते म्हणाले. धाकट्याचं नाव घेतलं नाही, मानही वर केली नाही. "थेंब उडाला, बाही पेटली, मी बघितलं. धार निम्म्यावर होती. मी 'बस' म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणालो. मला वाटलं, अजून एक मिनिट. तू माझ्याकडे बघत होतास. आजही बघितलंस ना, तसाच."

बोळातून कुणीतरी चाकांची खुर्ची नेत होतं. ती जाईपर्यंत ते थांबले.

"नंतर लोकांनी विचारलं. मी सांगत सुटलो, पोरगा वाघ आहे माझा, हात जळत होता तरी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांना सांगितलं. कारण ते सांगितलं नसतं, तर दुसरं सांगावं लागलं असतं. की बाप बघत होता आणि थांबला नाही." त्यांनी ओठ आवळले. "पुढं मग त्या पोरींनाही तेच सांगत बसलो. दर रविवारी. वेगवेगळी नावं घेऊन."

धाकटा भिंतीपाशी गेला, पाठ टेकून उभा राहिला. पाच मिनिटं गेली असतील. मग तो परत आला, आणि रांगेतल्या ज्या रिकाम्या खुर्चीत बसला ती बापाच्या शेजारची होती. मुद्दाम बसला की दुसरी रिकामी नव्हती म्हणून, ते आजोबांनी बघितलं नाही. बघायची भीती वाटली.

संध्याकाळ होताहोता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क खाली ओढून म्हणाल्या, "निभावलं. वेळेवर आणलीत. अजून दोन-तीन तास गेले असते तर मला सांगता आलं नसतं."

धाकटी त्या वेळी पहिल्यांदा रडली. तिला सावरायला सगळ्यात आधी उठले ते आजोबा.

दुसऱ्या दिवशी दुपारी खारू नीट शुद्धीत होती. नळ्या, पट्ट्या, आणि त्यात एवढुसा चेहरा. आजोबा दाराशीच घुटमळत होते, तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

"आजोबा, मी हरले का?"

ते आत गेले. स्टूल ओढून बसले.

"रात्री मी 'आई गं' म्हणाले," खारू म्हणाली. "दोनदा. पण ओतकाम तेव्हा संपलं होतं ना?"

"ओतकाम संपलंच नाही," पायथ्याशी बसलेली वकीलीणबाई म्हणाली. "अर्धंच राहिलं. म्हणजे पैज रद्द. मी नियम बघितलेत."

खारूचे डोळे भरून आले. "माझ्यामुळं नावाडीण मोडली?"

"माझ्यामुळं," आजोबा म्हणाले. "आणि नुसती नावाडीण नाही. ऐक. त्या डॉक्टरची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती."

"अर्धी?"

"हं. मला जी आवडायची तेवढीच. त्याला दुखायला लागलं ना, तर त्यानं पहिलं काम काय केलं असेल?"

"चाकू घेतला."

"नाही. सोबत्यांना सांगितलं. की बाबांनो, माझं पोट दुखतंय आणि हे साधं दुखणं नाही. सगळ्या तळाला कळलं होतं. रात्रभर त्याला झोप नव्हती. भयंकर दुखतंय, भीती वाटतेय, हेही त्यानं वहीत लिहून ठेवलंय. मग त्यानं दोघांना शेजारी उभं केलं. एकानं आरसा धरायचा, एकानं हत्यारं द्यायची. मी बेशुद्ध पडलो तर काय करायचं, तेही शिकवून ठेवलं. कापायच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन घेतलं. मधूनमधून थांबून दम खाल्ला, आणि मग पार पाडलं."

खारूनं उशीवरून मान वळवली. "म्हणजे तो एकटा नव्हता."

"नव्हता."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला वकीलीणबाईलाही आडवं यावंसं वाटलं नाही. आजोबांनी नातीच्या पायावरची चादर उगाच सारखी केली. "मला वाटायचं, एवढं सांगितलं तर तो लहान दिसेल," ते म्हणाले. "चूक होती."

"मोठी चूक," खारू म्हणाली.

"फार मोठी."

"बरं," ती म्हणाली. या खेपेला आजोबांनी तो 'बरं' नीट ऐकला. डॉक्टरीणबाईंना बोलवायचं आहे का, असं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तेवढ्यात थोरला आत आला. त्यानं दोन्ही पोरींना सांगून टाकलं की साचा अजून फोडलेला नाही. डोकं आणि खांदे तेवढे भरले असतील, बाकी सगळं पुन्हा मेणापासून करायचं. "पण पहिला घाव खारूचा. ती हिंडायला लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"पैज रद्द झाली होती, बाबा," वकीलीणबाईनं आठवण करून दिली.

"मग तू दुसरा घाव घाल."

यावर तिचं काही म्हणणं नव्हतं, हेही घरात पहिल्यांदाच घडलं.

चौथ्या दिवशी पोटातली नळी काढायची होती. धाकटी आत खारूचा हात धरून होती. बाकीच्यांना नर्सनं बाहेर घालवलं. आजोबा आणि धाकटा बोळात उभे होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर. आतून आधी कुजबुज आली, मग नर्सचं 'जरासंच हं', आणि मग खारू जी ओरडली, ती अख्ख्या मजल्यावर ऐकू गेली. "आई गंऽऽ! दुखतंय! हळू ना! हळू म्हणते ना मी!"

शेजारच्या खोलीतलं एक तान्हं बाळ जागं झालं.

धाकट्यानं डोळे मिटले होते. आजोबांनी त्याचा उजवा हात धरला, मनगटाच्या वर, जिथं कातडी अजून गुळगुळीत आणि वेगळ्याच रंगाची होती. वीस वर्षांत तिथं त्यांची बोटं टेकली नव्हती. धाकट्यानं हात काढून घेतला नाही.

नर्स बाहेर आली. "काय आवाज आहे हो पोरीचा!"

"आमच्या घरातली आहे," आजोबा म्हणाले. त्यांना हसू आलं, ते आवरलं नाही.

संध्याकाळी आजीनं फर्मान काढलं की हे म्हातारे गृहस्थ चार दिवस धड जेवलेले नाहीत, त्यांना कुणीतरी घरी नेऊन सोडा. थोरला कारखान्यात होता. "मी सोडतो," धाकटा म्हणाला.

बेकरीच्या गाडीत पाव आणि साखरेचा वास भरून राहिलेला होता. आजोबा त्या गाडीत प्रथमच बसत होते. पट्टा कुठं अडकवायचा ते त्यांना सापडेना. धाकट्यानं वाकून लावून दिला. गाडी निघाली. दुकानांचे दिवे लागत होते. दोन चौक गेले, तिसरा गेला. तिथं घोड्यावर बसलेला एक पुतळा होता, घराच्याच हातचा. त्याच्याकडे दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.

पुलाच्या चढावर आजोबा खाकरले.

"माझा खांदा दुखतो रे," ते म्हणाले.

"काय?"

"डावा खांदा. हात वर नेला की कळ येते. पार बोटांपर्यंत."

धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. जन्मापासून या माणसाच्या तोंडून त्यानं साधी डोकेदुखीही ऐकली नव्हती.

"कधीपासून?"

आजोबांनी खिडकीबाहेर बघितलं. "सहा महिने झाले असतील."

"सहा महिने? आणि आईला?"

"नाही सांगितलं. तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

धाकट्यानं कचकन ब्रेक दाबला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. पुलावर गाडी वळवायला मनाई होती, तरी त्यानं ती तिथंच वळवली, दोन वेळा मागं-पुढं घेऊन, लोकांच्या शिव्या खात.

"अरे, कुठं निघालास?"

"डॉक्टरीणबाई गेल्या नसतील अजून. सहा महिने! तुमची तर, बाबा, कमाल आहे... नीट सांगा. कुठून सुरू होतं? रात्री जास्त की दिवसा? छातीत काही होतं का?"

"छातीत नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही रे. खांद्यातच. इथून सुरू होतं, बघ, या हाडाखालून..." आजोबा सांगायला लागले. आधी थोडं अडखळत, मग तपशिलानं. कुशीवर झोपलं की कसं होतं, शर्टाची बाही घालताना कसं होतं, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढता येत नाही म्हणून 'हल्ली मी साखर कमीच घेतो' असं घरात कसं खोटंच सांगतात. पूल संपला, तिन्ही चौक उलटे मागं गेले. धाकटा मधूनमधून "हं, मग?" म्हणत होता, आणि आजोबा सांगत होते.